परत यायची सोय

जळगावात राहणाऱ्या माणसाने "बोट घ्यायची म्हणतोय" असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऑफिसमध्ये एकाने सरळ विचारलं, "कुठे चालवणार? मेहरूणच्या तलावात की डांबरी रस्त्यावर?" केळी, सोनं, भरताची वांगी आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन, एवढ्यात आमचं गाव संपतं असा लोकांचा समज आहे.

पण जरा नकाशा उघडा. भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर. जळगावला पाणी पाजणारं वाघूर. चाळीसगावच्या पलीकडे गिरणा धरण, १९६९ सालचं. हद्दीने नाशिक जिल्ह्यात, पण पाण्याने आमचंच. धुळ्याकडे वळलात तर शहराजवळ नकाणे आणि डेडरगावचे तलाव, आणि साक्री तालुक्यात पांझरेवर अक्कलपाडा. या पाण्यात रोहू आहे, कटला आहे, मृगळ, सायप्रिनस आणि नशीब जोरावर असेल तर मरळ. आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला रविवारी अजून काय पाहिजे?

मी बरीच वर्षं काठावर बसून गळ टाकतो. काठावरच्या माणसाचं दुखणं एकच. रील कितीही भारी घ्या, आमिष चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे जात नाही, आणि मासा मात्र त्याच्या पलीकडे, बुडालेल्या बाभळींच्या आसपास उड्या मारून दाखवतो. मग एक दिवस नेटवर 'पर्सनल पोंटून बोट' नावाचं प्रकरण दिसलं आणि आमची रात्रीची झोप उडाली.

सॉलिड आयडिया आहे. हवा भरलेल्या दोन लांब नळ्या, साधारण आठ फुटांच्या. त्यांना जोडणारी धातूची चौकट. चौकटीवर खुर्ची, बाजूला दोन वल्ही, पाय ठेवायला दांडा. एका माणसाची बोट. हवा काढली की घडी करून गाडीच्या डिकीत. अमेरिकेत या बोटींची क्रेझ आहे. तिकडच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ नद्यांवर लोक त्यात बसून प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि ट्राउट पकडतात.

खरं म्हणजे यात आपल्याला नवं काही नाही. दोन भोपळे किंवा दोन ओंडके एकमेकांना बांधून नदी पार करायच्या साधनाला मराठीत जुना शब्द आहे, सांगड. आपण कामाची आणि घराची सांगड घालतो ना, ती मुळात पाण्यातली. तेव्हा पोंटून म्हणजे इम्पोर्टेड सांगड. पण हे सांगून घरून परवानगी मिळेल असं वाटलं होतं, ते काही जमलं नाही.

आईचा प्रश्न

आमच्या घरात पाण्याचा विषय जपून काढावा लागतो. आईचं माहेर शिरपूर तालुक्यात, तापीकाठचं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, माझ्या जन्माआधीच तापीत गेला. पूर नव्हता, पावसाळाही नव्हता. ट्रकच्या ट्यूबवर बसून तो पलीकडे गेला होता, पट्टीचा पोहणारा होता. येताना वारा सुटला. ट्यूब दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडली, मामा तिसऱ्या दिवशी.

त्यामुळे मी लॅपटॉप उघडून आईला त्या बोटीचे फोटो दाखवले, तेव्हा तिने रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही. सगळं नीट बघून घेतलं आणि माहेरच्या अहिराणीत एकच प्रश्न टाकला, "पोऱ्या, परत येवानी सोय काय शे?"

परत यायची सोय काय? जाहिरातीत या प्रश्नाला रकाना नाही. तिथे वजन किती पेलते, खिसे किती, कॉफीचा मग ठेवायला जागा आहे का, हे सगळं आहे. आणि विचार केल्यावर लक्षात आलं की नसणारच. वाहत्या नदीवरचा माणूस वर एका ठिकाणी उतरतो आणि खाली दुसऱ्या ठिकाणी बाहेर येतो, तिथे त्याची गाडी उभी असते. त्याला परतायचंच नसतं. आपण धरणावर जाणार. जिथून पाण्यात शिरलो तिथेच बाइक उभी आहे, तिथेच यायचंय. म्हणजे आमची बोट जाण्यापेक्षा येण्यासाठी निवडायला हवी. आईच्या प्रश्नाने माझी सगळी शॉपिंग लिस्टच उलटी केली.

जुने ऑप्शन्स

आधी धरणावरच्या लोकांना विचारलं. तिथे भोई समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आहेत. त्यांच्याकडे कॅटलॉग नाही, पण ट्रायल रिपोर्ट आयुष्यभराचा आहे.

पहिली ट्रकची ट्यूब. हजार-वीस नंबरच्या ट्यूबमध्ये साधारण सव्वाशे-दीडशे लिटर हवा मावते. जेवढं पाणी बाजूला सरेल तेवढं वजन तरंगतं, एका लिटरला एक किलो. म्हणजे एका माणसाला भरपूर. मधे सुतळीचं विणकाम, त्यावर माणूस, हातांत दोन फळकुटं, झालं वल्हं. पण हवेचा कप्पा एकच. एक काटा, आणि खेळ खलास. शिवाय ट्रकला ट्यूबलेस रेडियल टायर आल्यापासून चांगली जुनी ट्यूब मिळणंही अवघड झालंय.

दुसरा थर्माकोलचा तराफा. एक घनफूट थर्माकोल सुमारे सत्तावीस किलो पेलतो. पंक्चरचं टेन्शन नाही. तुकडा पडला तरी बाकीचा तरंगतोच. पण उन्हाने आणि घासून त्याचे मणी सुटतात आणि ते पाण्यात पसरतात. मासे त्यावर तोंड मारतात. आणि वाऱ्यात तो पतंगासारखा उडतो.

तिसरा खास जळगावी ऑप्शन, पीव्हीसी पाइप. पाइपच्या गावात राहून हा विचार न करणं म्हणजे नाशकात राहून द्राक्षं न खाण्यासारखं. दहा इंची पाइपचे आठ फुटी दोन तुकडे, चारही तोंडांना टोप्या, वर अँगलची फ्रेम. दोन्ही पाइपांत मिळून सव्वादोनशे लिटरच्या वर हवा राहते. काटा टोचत नाही. आतमध्ये झाकणं घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या भरल्या तर टोपीचा जोड सुटला तरी बुडत नाही. पण उचलायला दोन माणसं आणि न्यायला छोटा हत्ती लागतो. एकाच जागी कायमची ठेवायची असेल तर मात्र याला तोड नाही.

भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी फोटो दाखवून विचारलं, यातलं कोणतं घेऊ? ते म्हणाले, "बोट मंग पाहू भाऊ. पहिले पाय कुठी राह्यतीन ते सांग."

पाय कुठे?

मला वाटलं चेष्टा करतायत. पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच निघाला.

पोंटूनपेक्षा स्वस्त आणि हलका एक प्रकार मिळतो, फ्लोट ट्यूब. इंग्रजी 'यू'च्या आकाराची हवेची गादी, मधे बसायची जागा, कंबरेपासून खाली तुम्ही पाण्यात. पायांत बदकासारखे फिन घालायचे आणि पाय मारत फिरायचं. पाच-सहा किलो वजन, पाठीवर टाकून निघायचं. बजेटमध्ये बसत होती आणि दिसायलाही कूल होती.

पण आमच्या धरणांत पाण्याखाली काय आहे? संध्याकाळी लावलेली तंगुसाची जाळी. वर थर्माकोलचा तुकडा किंवा रिकामी बाटली तरंगते, खाली पारदर्शक भिंत. आणि जिथे धरणाआधी बांध-शेतं होती, तिथे वाळलेल्या बाभळी उभ्याच आहेत. फिन घातलेला पाय तंगुसात अडकला तर वाकून सोडवता येत नाही, कारण पोटाभोवती गादी आहे. जाळं फाटलं तर ज्याचं पोट त्यावर आहे त्याचं नुकसान वेगळंच. म्हणून फ्लोट ट्यूब बाद. पाय पाण्याच्या वर राहतील अशीच बोट हवी. इथे पोंटूनला पहिला मार्क मिळाला.

खांद्यावरची बोट

दुसरी परीक्षा जमिनीवरची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण भरलेलं असतं, पाणी रस्त्याजवळ येतं. पण एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं मागे हटतं की काठ ते पाणी हे अंतर किलोमीटरच्या घरात जातं. मधे भेगाळलेली काळी माती, कुठे कुठे गाळपेरीची शेतं, आणि पाण्याजवळ गुडघाभर चिखल. तो वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की बूट ठेवून घेतो.

मोठ्या पोंटून बोटी तीस-पस्तीस किलोंच्या असतात. ते वजन घेऊन एकट्याने हा गाळ तुडवून बघा. आणि हवा भरून उचलून न्यावी म्हटलं तर वाटेत वेडी बाभूळ आणि सराटे टपून बसलेले. म्हणून नियम केला की बोट अशी हवी जिची तीन गाठोडी होतील, प्रत्येक गाठोडं मला एकट्याला उचलेल आणि हवा पाण्याच्या काठावर जाड सतरंजी अंथरून हातपंपाने भरता येईल. फ्रेम सुटी होणारी, नळ्यांना बाहेरून जाड आवरण आणि आत वेगळी पिशवी. काटा आवरणात अडकला तर आतली पिशवी वाचण्याची आशा असते, आणि पिशवी गेलीच तर तेवढीच बदलता येते.

वारा युनिटने विकणारा जिल्हा

तिसरी परीक्षा वाऱ्याची. धुळे जिल्ह्यातल्या वाऱ्याबद्दल मी काय सांगू? साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. ज्या भागात कंपन्या येऊन वाऱ्यापासून वीज करून विकतात, त्या भागात हवा भरलेल्या फुग्यावर बसून मी मासे धरायला निघालोय, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे.

हवेची बोट पाण्यात बुडते कमी आणि वर दिसते जास्त, त्यामुळे वारा तिला शिडासारखा धरतो. नुसत्या फिनवर माणूस तासाला जेमतेम दोन किलोमीटर जातो. समोरून वारा आला की तेही शून्यावर येतं. मामाचं तेच झालं असणार. वल्ह्यांनी जरा तरी बळ मिळतं. म्हणून घेताना वल्ही लांब आहेत का, ती अडकवायच्या कड्या प्लॅस्टिकच्या आहेत की धातूच्या, हे बघायचं. आणि एक छोटा नांगर हवाच. नाहीतर मासा लागल्यावर हात रिळावर, वल्ही मोकळी, आणि तोवर बोट आपल्या मनाने दुसऱ्या गावाला पोचलेली.

यावरून आम्ही एक फंडा ठरवला. जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं. दम लागला, काही बिघडलं, तर वाराच आपल्याला बाइककडे आणून सोडतो. आणि मे महिन्यात दुपारी वळवाचं ढग दिसलं की गळाला मासा असला तरी काठ गाठायचा.

ऊन नावाचं गिऱ्हाईक

खानदेशचं ऊन कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाही. या नळ्यांत दाब अगदी कमी असतो, साधारण दोन पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या वर असतो, म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने बोट भरणं म्हणजे फटाका वाजवणं. आता हिशेब बघा. सकाळी वीस अंशांना दोन पीएसआय भरलेली नळी काठावर उन्हात राहून साठ अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब चारच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे डबल. जेवायला काठावर आलात तर बोट सावलीत घ्या, सावली नसेल तर हवा कमी करा. उलट पाण्यात उतरल्यावर नळी गार होते आणि सैल पडते, तेव्हा दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारावा लागतो. घरी ठेवतानाही गच्चीवर नाही. पत्र्याखाली दोन उन्हाळे काढले की शिवणीचा डिंक राम म्हणतो.

शेततळ्यातली परीक्षा

एवढं सगळं करून मी एक सुटी होणारी, वल्ह्यांची, आठ फुटी पोंटून निवडली. आयातीचा खर्च धरून ती चांगल्या सेकंडहॅण्ड बाइकच्या भावात पडली. आईचा प्रश्न अजून बाकी होता. तिचं म्हणणं, एका नळीची हवा गेली तर काय होतं ते मला दाखव.

धुळे तालुक्यात माझ्या मेव्हण्यांचं शेततळं आहे. त्यात ते रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात. शेततळं म्हणजे सेफ असं कोणी समजू नये. तळाला आणि उताराला प्लॅस्टिकचा जाड कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि चांगला धडधाकट माणूसही त्या उतारावरून वर चढू शकत नाही. दरवर्षी अशा तळ्यांत माणसं, पोरं जातात. मेव्हण्यांनी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेत. ज्या तळ्याला असा दोर नाही तिथे उतरायचं नाही, हे मी तिथे शिकलो.

फोमचं लाइफ जॅकेट घातलं, कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक मेव्हण्यांकडे. आई काठावर खुर्ची टाकून बसली. मधोमध गेल्यावर मी उजव्या नळीचा व्हॉल्व्ह उघडला.

कागदावरचा हिशेब असा होता की एका नळीत दोनशे लिटरच्या वर हवा आहे, म्हणजे एकटी डावी नळी माझ्यासारख्या दोघांना तरंगवेल. हिशेब बरोबरच निघाला. नळी तरंगली. पण खुर्ची मधे आणि आधार एकाच बाजूला, त्यामुळे हवा निम्मी जाताच बोट उजवीकडे कलली आणि मी सावकाश, अगदी इज्जतीत, पाण्यात उतरलो. जॅकेटने हनुवटी वर धरली. मी डाव्या नळीला मिठी मारली आणि पाय मारत काठापर्यंत आलो. दोर ओढायची गरज पडली नाही. आठ फुटांची ती नळी पकडायला ट्यूबपेक्षा कितीतरी सोपी होती.

वर आल्यावर आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुडत नई. पन बसूबी देत नई." आणि मग जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, एकेक करून सगळे. मामाकडे तेव्हा हे नव्हतं, असं ती म्हणाली नाही. पण तिचा हात त्या पट्ट्यावर बराच वेळ होता.

तिथे मला कळलं की बोटीवर खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात जास्त कामाला आलं ते तिच्या मानाने किरकोळ किमतीचं जॅकेट. बोट तुम्हाला माशापर्यंत नेते. परत यायच्या सोयीत जॅकेट येतं, वारा येतो आणि काठावर बसलेलं एक माणूस येतं. या तिन्हींचं जमत नसेल तर बोट कितीही महागाची असो, रविवार काठावरच घालवलेला बरा.

आधी विचारा, मग उतरा

घ्यायच्या आधी अजून दोन-तीन गोष्टी. बहुतेक धरणांतली मासेमारी ठेक्याने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. विचारलं तर माणसं जागा दाखवतात, जाळी कुठे आहेत तेही सांगतात. भिंत आणि दरवाज्यांच्या आसपास जायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की तापीत काय होतं हे काठावरच्या गावांना विचारा. पावसाळाभर बोट घडी करूनच ठेवायची. हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यावर परदेशी बदकांचे थवे उतरतात, त्यांच्यापासून लांब राहायचं. आणि पिण्याचं पाणी ज्या तलावातून येतं तिथे उतरायची परवानगी आहे का हे आधी विचारायचं.

त्या म्हाताऱ्या बाबांना मी नंतर बोट दाखवली. त्यांनी नळी दाबून बघितली, फ्रेमवर टिचकी मारली आणि पाय कुठे राहतात ते आधी बघितलं. ते स्वतः अजून ट्यूबवरच जातात. मी जॅकेटबद्दल बोललो तर हसले. पुढच्या वेळी जाताना एक जास्तीचं जॅकेट घेऊन गेलो. ते घालतात की नाही माहीत नाही, पण घरात टांगलेलं मी पाहिलंय.

आता रविवारी पहाटे मी गाठोडी बांधायला लागलो की आई मागच्या अंगणात जाते. दोरीवर रात्रीचे कपडे असतात. ते गप्प लटकलेले असले तर डबा भरून देते. फडफडत असले तर काही बोलत नाही, नुसती गॅसवर चहा ठेवते, दोन कपांचा.